चाळीस अर्जांवरची सही

ती घटना बाबांना आजही तास-मिनिटांसह आठवते. पण घरच्या माणसांसमोर ती सांगायला त्यांना निवृत्तीनंतरची सात वर्षं लागली, आणि सांगितली तीही दुबईच्या करामा भागातल्या एका फ्लॅटमध्ये, मिसळीच्या दोन घासांच्या मध्ये.

बाबा महाराष्ट्रात पोलीस निरीक्षक होते. आता दर हिवाळ्यात आई-बाबा तीन महिने माझ्याकडे दुबईला येतात. मी इथे एका कंत्राटदार कंपनीच्या एचआरमध्ये आहे. ऑफिस जुमेरा लेक टॉवर्समध्ये, कामगारांची राहण्याची सोय दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात. त्यांची हजेरी, व्हिसा, रजा हे सगळं माझ्या स्क्रीनवर येतं. माणसं क्वचित येतात. फार बोलावं लागत नाही म्हणून हे काम मला आवडतं.

करामात आमच्या ओळखीची सात-आठ मराठी कुटुंबं महिन्यातल्या एका रविवारी दुपारी जमतात. मुलांचं मराठी सुटू नये म्हणून कुणीतरी वादविवाद सुरू केला. मुलं मराठीत सुरुवात करतात आणि तिसऱ्या वाक्याला इंग्रजीत शिरतात. या वेळी विषय यजमानांच्या सोळा वर्षांच्या मुलीने निवडला होता: एखादा माणूस उठून एकदम अनेकांवर गोळ्या का झाडतो, आणि ते थांबवता येतं का. दोन वर्षांनी ती शिकायला अमेरिकेला जाणार आहे. त्यामुळे विषय ऐकल्यावर तिची आई स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

"बंदुका काढून घ्या, विषय संपला," यजमान काका म्हणाले. "इथे बघा. दुकानात जाऊन बंदूक मिळते का? नाही ना? खलास."

"डॅड, दॅट्स द 'हाऊ'. मी 'व्हाय' विचारतेय," मुलगी म्हणाली.

"व्हिडिओ गेम," एक काकू म्हणाल्या.

"मग आमचे चिरंजीव रोज तीन तास खेळतात, त्यांचं काय?" दुसऱ्या काकूंनी विचारलं. "जेवायला उठत नाही तो. बंदूक कुठून उचलणार?"

हसून झाल्यावर कुणीतरी मानसिक आजाराचं नाव काढलं. कोपऱ्यात बसलेल्या एक वहिनी शांतपणे म्हणाल्या, "माझा भाऊ बारा वर्षं मनाच्या आजारावर गोळ्या घेतोय. त्याने आजवर झुरळ मारलेलं नाही."

मी बोलणार नव्हतेच. मी अशा ठिकाणी वाट्या भरण्याचं काम घेते.

काका बाबांकडे वळले. "साहेब, तुम्ही परीक्षक. तुम्हीच सांगा आता, कारण काय?"

बाबांनी पावाचा तुकडा वाटीत तसाच ठेवला. "कारण मला सांगता येणार नाही. असं होता होता एकदा थांबलं होतं. ते कसं थांबलं तेवढं सांगतो. नावं विचारायची नाहीत."

आईने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. तिलाही हे नवीन होतं.

पुढचं मी त्यांना विचारून फोनवर रेकॉर्ड केलं. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे खात्यातले काही शब्द मला घरी आल्यावर पुन्हा विचारून घ्यावे लागले. बाकी सगळं त्यांच्याच शब्दांत आहे.

*

तेरा वर्षं झाली असतील. नोव्हेंबर महिना. मी जिल्ह्याच्या ठिकाणी शहर पोलीस ठाण्याला निरीक्षक होतो. पोलीस मुख्यालयाचे राखीव निरीक्षक मुलीच्या लग्नासाठी पंधरा दिवसांच्या रजेवर गेले आणि मुख्यालयाचा जादा चार्ज माझ्याकडे आला. सकाळी ठाणं, दुपारी मुख्यालय, असं चाललं होतं. निवडणुका लागलेल्या, माणसं कमी, खालच्या सगळ्यांच्या रजा बंद.

त्या मंगळवारी साडेनऊला ठाण्यात पोहोचलो, तर बाकावर एक बाई बसलेली. पोलीस लाईनमधली, एका शिपायाची बायको. ठाणे अंमलदाराने दोनदा विचारलं, तिने दोन्ही वेळा सांगितलं, "साहेबांनाच सांगायचंय." माझ्यासमोर आली तरी मुद्द्यावर येईना. नवऱ्याची तक्रार घेऊन आलेल्या बायका अशाच घुटमळतात.

"मारतो का?" मी विचारलं.

"नाही हो साहेब. मीच त्यांचे बूट टाकीत टाकले."

"कसले बूट?"

"ड्युटीचे. आज ट्रेझरी गार्डला जायचे होते ते. बूट भिजले म्हणून सीक रिपोर्ट दिलाय. सकाळपासून मला शिव्या देत घरात बसलेत. का टाकले ते त्यांना सांगितलं नाही मी."

मग हळूहळू सांगितलं. आदल्या संध्याकाळी शेजारच्या खोलीतला शिपाई तिच्याकडे कुकर परत द्यायला आला होता. सहा महिन्यांपूर्वी नेलेला कुकर. घासून, नवी रिंग घालून आणला होता. जाताना म्हणाला, "वहिनी, उद्या भाऊंना गार्डवर पाठवू नका. पोट दुखतंय म्हणून सांगा." तिने विचारलं, का? तर म्हणाला, "उद्या मेजर चेकिंगला येणार. त्याला सोडायचा नाही."

मेजर म्हणजे हजेरी मेजर. मुख्यालयात कोणाला कुठली ड्युटी लावायची आणि कोणाचा अर्ज साहेबांपुढे ठेवायचा, हे त्याच्या हातात असतं. रोज अकराला तो ट्रेझरीचा गार्ड तपासायला जात असे.

"तो शिपाई आत्ता कुठे आहे?" मी विचारलं.

"आठलाच गेला साहेब गार्डला." उठताना ती म्हणाली, "माझं नाव कुठे येऊ देऊ नका. मला त्याच लाईनीत राहायचंय."

ट्रेझरी म्हणजे जिल्हा कोषागार, कलेक्टर कचेरीच्या आवारात. तिथे एक हवालदार आणि चार शिपाई, प्रत्येकाकडे रायफल आणि वीस राऊंड, म्हणजे गोळ्या. नोव्हेंबरात पेन्शनर हयातीचे दाखले द्यायला यायचे. म्हणजे व्हरांडाभर म्हातारी माणसं बसलेली असणार, आपण जिवंत आहोत हे कागदावर द्यायला.

घड्याळात नऊ पन्नास झाले होते.

पोलीस ठाण्यात "सोडणार नाही", "मारून टाकीन" हे दिवसातून दहा वेळा ऐकू येतं. त्या प्रत्येकाच्या मागे धावलो असतो तर दुसरं काही करता आलं नसतं. पण इथे दोन गोष्टी मला खटकल्या. परत आलेला कुकर, आणि "भाऊंना पाठवू नका". रागाच्या भरात बोलणारा माणूस कोणाला वाचवायचं याचा विचार करत नाही. याने तो केला होता. म्हणजे बाकीचाही केला असणार.

मी मुख्यालयात मेजरला फोन लावला. "माझ्या टेबलापाशी बसायचं. मी सांगेपर्यंत आवाराबाहेर पाऊल टाकायचं नाही."

"साहेब, अकराचं चेकिंग..."

"आज मी करतो."

मग पोलीस अधीक्षकांना सांगितलं. ते म्हणाले, "स्ट्रायकिंग फोर्स पाठवतो."

"सर, तो बारा वर्षं गार्ड करतोय. हत्यारबंद गाडी आवारात शिरली की सगळ्यात आधी त्यालाच दिसेल. मधे पेन्शनर आहेत."

"मग तुमच्या डोक्यात काय आहे?"

"नेहमीच्या पद्धतीने हत्यार काढून घेतो. त्याला माहीत असलेल्या पद्धतीने."

ते म्हणाले, "अकराच्या आत झालं पाहिजे. गाडी मागच्या गेटबाहेर उभी राहील."

आमच्याकडे ऑर्डर्ली रूम नावाची पद्धत आहे. बोलताना ओआर म्हणतात. शिपायाची काही अडचण असेल तर तो ओआरला नाव देतो. त्याला अधिकाऱ्यासमोर उभं करतात, अधिकारी ऐकून घेतो आणि तिथल्या तिथे निर्णय देतो. ओआरला हत्यार घेऊन जायचं नसतं. टोपी आणि पट्टासुद्धा काढून ठेवायचा असतो. भरती झाल्यापासून हे अंगात मुरलेलं असतं.

त्याला काय हवं होतं ते मला माहीत नव्हतं. पण मेजरवर खुन्नस धरलेल्या शिपायाला बहुधा मेजरला ओलांडून वर जायचं असतं, आणि मेजर जाऊ देत नसतो. वाटेत मुख्यालयातून ओआरचं रजिस्टर उचललं. मागच्या दोन महिन्यांची पानं पाहिली, त्याचं नाव कुठेच नव्हतं. जीपमध्ये बसून मी स्वतः ते लिहिलं. रस्ता खराब, अक्षर वाकडं आलं. रिव्हॉल्व्हर नेहमीसारखं कमरेला राहू दिलं. काढून ठेवलं असतं तर रिकामा पट्टा त्याच्या नजरेतून सुटला नसता.

दहा वीसला ट्रेझरीत पोहोचलो. संत्रीची, म्हणजे पहाऱ्याची, पाळी त्याचीच होती. मला पाहून त्याने रायफलवर हात मारून सलामी दिली, अगदी कवायतीत देतात तशी. मी गार्डरूममध्ये नजर टाकली. खुंट्यांना चार डबे लटकत होते. सीक रिपोर्टवाल्याच्या जागी आलेला धरून माणसं पाच. चोवीस तासांच्या ड्युटीला हा एकटा डबा न घेता आला होता.

"हवालदार," मी म्हणालो, "याचं नाव ओआरला आहे. संत्री बदला."

हवालदाराच्या आधी तोच बोलला. "माझं नाव ओआरला नाही साहेब. दोन महिने देतोय. घेत नाहीत."

"घेतलंय."

"कोणी?"

"मी." रजिस्टर उघडून त्याच्यासमोर धरलं. शाई धड वाळली नव्हती, समोरच्या पानावर डाग उमटला होता. त्याने तो डाग पाहिला. मला वाटतं, त्याला सगळं कळलं. नाव आत्ता लिहिलंय हे, आणि का लिहिलंय हेसुद्धा. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी रजिस्टर तसंच धरून ठेवलं.

तेवढ्यात मागून एका म्हाताऱ्या गृहस्थांनी हाक मारली, "अहो संत्री, तीन नंबरची खिडकी कुठे आली?"

"डावीकडे, आजोबा," तो म्हणाला. माझ्यावरची नजर त्याने काढली नाही.

मग त्याने रायफल जमिनीकडे केली आणि संत्री बदलीची कारवाई सुरू केली. मॅगझिन काढून हवालदाराच्या हातात दिलं. बोल्ट मागे ओढला, आणि आतून एक राऊंड उडून फरशीवर पडलं. संत्रीच्या रायफलच्या नळीमागे राऊंड चढवलेलं नसतं. तसा नियम नाही. त्याने ते आधीच चढवून ठेवलं होतं. हवालदाराचा चेहरा उतरला. मी राऊंड उचललं, खिशात टाकलं आणि म्हणालो, "टोपी, पट्टा."

त्याने काढले, घडी करून बाकावर ठेवले आणि माझ्यापुढे चालायला लागला.

ठाण्यात आणून अंगझडती घेतली. खिशात घडी घातलेला एक कागद निघाला, तो मी न उघडता टेबलावर ठेवला. चहा मागवला. अर्धा तास तो बोलला नाही. आरोपी गप्प बसला की नवीन अधिकारी आवाज चढवतात. मीही चढवला आहे. त्या दिवशी नाही.

"डबा का आणला नाहीस?" मी विचारलं.

"लागणार नव्हता, साहेब."

"कोणाला मारणार होतास?"

"मेजरला."

"आणि मग?"

"मग काय माहीत. मधे येईल तो."

"हवालदार आला असता मधे. त्याला तीन मुली आहेत."

"आला असता," तो म्हणाला. त्याचा आवाज सपाट होता. मग त्याने टेबलावरचा कागद माझ्याकडे सरकवला.

रजेचा अर्ज होता. चार वर्षांच्या मुलीला जन्मापासून ऐकू येत नाही. मिरजेच्या रुग्णालयाने कानाच्या ऑपरेशनची तारीख दिली आहे. आधीच्या दोन तारखा रजा न मिळाल्यामुळे चुकल्या. जितका उशीर होईल तितका उपयोग कमी, असं डॉक्टरांचं म्हणणं आहे. तरी येत्या गुरुवारपासून आठ दिवस रजा मिळावी, ही विनंती. खाली शेरा: "बंदोबस्तामुळे नामंजूर". शेरा मेजरच्या अक्षरात होता. सही माझी होती.

"सही कोणाची आहे साहेब?"

"माझी."

"वाचलं होतं?"

चार्ज घेतल्याच्या तिसऱ्या दिवशी मेजरने चाळीस अर्जांचा गठ्ठा आणला होता. शेरे आधीच लिहून. म्हणाला, "सगळे रजेचेच आहेत साहेब, बंदोबस्तामुळे देता येत नाहीत." मी उभ्या उभ्या, एका हातात फोन धरून, चाळीसच्या चाळीस सह्या केल्या होत्या.

"नाही," मी म्हणालो. "वाचलं नव्हतं."

तेव्हा तो रडला. तोपर्यंत नाही.

*

बाबा थांबले. मिसळीवरची तर्री कधीच थिजली होती.

आई म्हणाली, "तुम्हाला त्या वर्षी ताकीद मिळाली होती. मला सांगितलं होतं, चुकीच्या कागदावर सही झाली म्हणून."

"चुकीचंच होतं की," बाबा म्हणाले.

"चाळीस कागद होते असं नव्हतं सांगितलं."

"अहो, पण खरा व्हिलन तो मेजरच," यजमान काका म्हणाले.

"नाही." बाबांचा आवाज ठाण्यातला झाला. तो आवाज मी लहानपणी दाराआडून ऐकलेला आहे. "मेजरची बदली झाली, ते योग्यच होतं. पण चाळीस जणांच्या रजा नामंजूर झाल्या होत्या. एकोणचाळीस जण शिव्या देत ड्युटीला गेले. एकाने रायफल भरली. रजा नाही मिळाली म्हणून माणूस खुनाला निघतो, असं मी म्हणणार नाही. ते त्याने ठरवलं, आणि त्याची जबाबदारी त्याचीच. मी डायरीत सगळं लिहिलं. राऊंडचं, अर्जाचं, माझ्या सहीचं. फक्त त्या बाईचं नाव नाही लिहिलं. 'खात्रीलायक बातमी मिळाल्यावरून' एवढंच. त्याची डॉक्टरी तपासणी झाली, विभागीय चौकशी झाली, शिक्षा झाली. पुन्हा कधी हत्यार हातात दिलं नाही. गाड्यांच्या विभागात नोकरी केली त्याने."

"आणि मुलगी?" कोपऱ्यातल्या वहिनींनी विचारलं.

"त्याच गुरुवारी मिरजेला नेली. अधीक्षकांनी रजा दिली, सोबत साध्या कपड्यातला एक हवालदार दिला. ऑपरेशन झालं. आता बारावीत आहे. दिवाळीला फोन करते मला." बाबा किंचित हसले. "फार बोलते."

म्हणजे दिवाळीला बाबा गॅलरीत जाऊन ज्या मुलीशी अर्धा तास बोलतात, ती ही. आम्हाला वाटायचं, जुन्या सहकाऱ्याची मुलगी. तेही खोटं नव्हतं.

यजमानांची मुलगी इतका वेळ वहीत लिहीत होती. तिने पेन खाली ठेवलं. "आजोबा, कॅन आय आस्क समथिंग? डोन्ट माइंड हं."

"विचार."

"सो, त्याला लीव्ह मिळाली बिकॉज ही हॅड अ गन. राइट? बाकीच्या थर्टी-नाइनकडे पण गन्स असतील, पण त्यांनी काही केलं नाही. दे वेअर द गुड वन्स. मग त्यांना काय मिळालं?"

"अगं, असं विचारतात का मोठ्यांना?" काका म्हणाले.

"विचारू दे. बरोबर विचारलं तिने." बाबांनी चष्मा काढून पुसला. मी त्यांना ओळखते. उत्तर तयार असेल तर ते चष्मा पुसत नाहीत. "हो. त्या दिवशी त्याचा अर्ज मी बंदुकीमुळे वाचला. हे मला दुपारी जेवताना लक्षात आलं. म्हणजे मी उद्यापासून सगळ्यांना शिकवणार की साहेबांनी वाचावं असं वाटत असेल तर राऊंड चढवा. तसाच उठलो, मुख्यालयात गेलो, गठ्ठा काढायला लावला आणि उरलेले एकोणचाळीस वाचले."

"काय होतं त्यात?"

"एकाच्या आईचं वर्षश्राद्ध. एकाचा साखरपुडा, तोसुद्धा स्वतःचाच. एकाला नुसतंच झोपायचं होतं. त्याने तसं स्वच्छ लिहिलंही होतं, 'अकरा दिवस सलग ड्युटी झाली, झोपेसाठी एक दिवस मिळावा.'"

"दिली?" एका काकूंनी विचारलं.

"सगळ्यात आधी त्याला दिली. दमलेल्या माणसाच्या हातात रायफल काय कामाची? एकूण अकरा जणांना देता आली. बाकीच्यांना बोलावून तोंडावर नाही म्हणून सांगितलं, का नाही तेही सांगितलं. साखरपुडेवाला चिडला तेवढा. मी म्हटलं, पुढच्या रविवारी कर, मीही येतो."

"गेलात?"

"गेले होते," आई म्हणाली. "मलाही नेलं होतं. कोणाचा कोण, मला माहीत नव्हतं. साडी नेसून गेले मी."

सगळे हसले. मुलगी हसली नाही. "हाऊ लाँग डिड इट टेक? वाचायला?"

"घड्याळ लावून सांगतो. एक तास दहा मिनिटं."

"दॅट्स इट?"

"तेवढंच. आणि ऐक, तू तिकडे शिकायला जाशील तेव्हाचं सांगतो. त्या बाईने नवऱ्याचे बूट टाकीत टाकले. तिथेच ती थांबली असती तर तिचा नवरा वाचला असता, बाकीचे गेले असते. बहुतेक माणसं तिथेच थांबतात. तुला कधी कोणी म्हणालं, उद्या अमुक ठिकाणी येऊ नकोस, तर नुसती घरी बसू नकोस. जाऊन सांग. खोटं ठरलं तर लोक हसतील, हसू देत."

"ओके, आजोबा," ती म्हणाली. तिची आई दारात उभी होती. कधी आली ते कळलं नव्हतं.

"निकाल राहिला साहेब," काका म्हणाले.

"वहिनींना बक्षीस द्या. झुरळाच्या वाक्याला."

"यल्ला, चला मग, जिलेबी घ्या. गार झाली सगळी," काका म्हणाले.

*

मेट्रोने परत येताना आई बाबांशी फार बोलली नाही, पण एका स्टेशननंतर तिने आपली शाल त्यांच्या मांडीवर टाकली. डब्यातला एसी त्यांना सोसत नाही. मी दारापाशी उभी होते. मला बाबांना काहीतरी सांगायचं होतं आणि ते गर्दीत सांगण्यासारखं नव्हतं. खरं तर मला ते कुठेच सांगायचं नव्हतं.

सोमवारी सकाळी दारात बूट घालताना सांगितलं, म्हणजे त्यांच्याकडे बघावं लागलं नाही.

"बाबा, गुरुवारी मी ऑफिसात रजेचे अर्ज नामंजूर केले. सिस्टीममध्ये आले होते. साइटवर काम जोरात आहे म्हणून मॅनेजरने सांगितलं, सगळे रिजेक्ट करून टाक. सगळे एकदम निवडता येतात. एक बटण आहे."

"कारणाचा रकाना असतो का त्यात?"

"असतो. उघडावा लागतो."

"उघडलास?"

"नाही."

मला वाटलं, ते काहीतरी म्हणतील. लेस बांधून झाली तरी मी वाकूनच होते.

"किती आहेत?" त्यांनी विचारलं.

"एकतीस."

"मग तासाभराचं काम आहे, मनू," बाबा म्हणाले आणि स्वयंपाकघरातून माझा डबा आणून हातात दिला. "दुपारच्या आत होईल."

आमच्या एकतीस जणांपैकी कुणी बंदूक उचलणार नव्हतं. इथे तसं काही होत नाही, आणि ते तशी माणसंही नाहीत. त्यांच्याकडे फक्त तो रकाना होता. ऑफिसात पोहोचून मी मॅनेजरला सांगितलं की मला ते पुन्हा पाहायचे आहेत. इतकं मी त्याच्याशी एका दमात कधी बोलले नव्हते. तो म्हणाला, सगळे देता येणार नाहीत. मी म्हटलं, माहीत आहे, पण नाही म्हणायचं असेल त्यांना मी फोन करून सांगेन.

पहिला अर्ज एका वेल्डरचा होता. रोमन अक्षरांत, हिंदीत, चार ओळी. मी त्या दोनदा वाचल्या. बहिणीचं लग्न ठरलं होतं, वडील नव्हते, मुलीच्या बाजूने उभं राहायला दुसरं कुणी नव्हतं. मग फोन लावला. एरवी फोनवर बोलायचं मी टाळते.

मागे यंत्राची घरघर होती. एचआरमधून बोलतेय म्हटल्यावर तो घाबरला.

"मॅडम, कुछ गलती हो गया?"

"हां, मुझसे," मी म्हणाले. "शादी कौन सी तारीख को है?"